वनलाइन परत लिहून पाठव, आणि यावेळी त्यात उचल येऊ दे

प्रिय मित्रा,

तुझ्या सिनेमाची वनलाइन, म्हणजे अख्खी गोष्ट एका वाक्यात, वाचली. 'एका गावातल्या मुलीचा स्वतःला शोधण्याचा भावस्पर्शी प्रवास.' दोन-तीनदा वाचली, आणि मग त्या दिवशी फोनवर तू मावशीच्या घरची जी गोष्ट सांगत होतास ती आठवली, ऐकताना मी चहा घ्यायचा विसरलो होतो, आणि त्या गोष्टीतलं काहीच या ओळीत नाहीये रे. ऊस नाही, कोयता नाही, मजूर पुरवणारा मुकादम नाही. ही ओळ कुठल्याही पन्नास सिनेमांना चिकटवता येईल.

'प्रवास', 'संघर्ष', 'नात्यांची गुंफण' हे शब्द पोस्टरवर चालतील. वनलाइनमध्ये आले की मला लगेच वाटतं, लिहिणाऱ्याचं अजून काहीतरी ठरलेलं नाहीये. माझं स्वतःचं हेच झालेलं, सुरुवातीला एका प्रोड्युसरकडे वीस मिनिटं नॅरेशन दिलं, माहोल सांगितला, कॅरेक्टरचं मन सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'पण ती करते काय?' मला उत्तर देता आलं नाही कारण ते मलाच माहीत नव्हतं. घरी येऊन सगळा ड्राफ्ट उलगडला. म्हणून तुला आत्ताच सांगतोय, ऐंशी पानं लिहून झाल्यावर नको.

'श्वास' हा सिनेमा घे, 2004 चा. आजोबा नातवाला घेऊन कोकणातून शहरात येतात, त्याला डोळ्यांचा कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, आणि ऑपरेशनच्या आधी आजोबांना त्याला जग दाखवायचंय. बघ, एकही भावूक शब्द वापरला नाही तरी पोटात तुटतं. किंवा 'वळू', गावात मोकाट सुटलेला वळू पकडायला फॉरेस्ट ऑफिसर येतो, संपलं, ऐकणाऱ्याला सिनेमा दिसायला लागतो. दोन्हीकडे कोणीतरी काहीतरी ठोस करायला निघालंय, आणि ते सोपं नाहीये हे न सांगता कळतं.

आता तुझी गोष्ट. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, आई आजारी पडली की बापाचा राहतो अर्धा कोयता, पण मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तर पूर्ण जोडीची घेतलेली. म्हणून पोरगी फडावर, म्हणजे तोडणीच्या उसात, जाते. दहावीत आहे ती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या गाव सोडून निघतात, बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा साखर कारखाने बहुतेक चालूच असतात. अरे, कॅलेंडरनेच तुझा क्लायमॅक्स लिहून ठेवलाय! मी आपली एक कच्ची ओळ करून बघितली:

'आई अंथरुणाला खिळली म्हणून बापाचा कोयता पुरा करायला फडावर आलेल्या दहावीतल्या मुलीला उचल फिटायच्या आधीच बोर्डाच्या पेपरला गावी पोचायचंय, पण ती गेली तर तिच्या जागी धाकट्या भावाला उसात उतरावं लागणार.'

तीस शब्द आहेत. भावाचं मी घातलंय, तुला पटत नसेल तर काढ, पण मग ती गेल्यावर कोणाचं काय जाणार ते तुला दुसरं शोधावं लागेल, ती जागा रिकामी ठेवू नकोस. नाव मुद्दाम टाकलेलं नाही, 'सुनीता' म्हटल्याने वाचणाऱ्याला काही कळत नाही, 'दहावीतली मुलगी' म्हटल्याने कळतं. आणि शेवटी 'ती पोचेल का?' असा प्रश्न लावू नकोस, तो आपोआप पडायला हवा.

तू म्हणालास ना, जास्त सांगितलं तर आयडिया चोरतील म्हणून मोघम ठेवलं. भीती समजते मला, खरंच. पण कॉपीराइट आयडियाला मिळत नाही, ती मांडलीस कशी त्याला मिळतो, सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच हे स्पष्ट केलंय. म्हणून सिनॉप्सिस नीट लिही, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा मेंबर होऊन तिथे रजिस्टर कर, आणि मग ओळ मोकळेपणाने सांग. मोघम ओळ कोणी चोरणार नाही हे खरं, पण ती कोणी विकतही घेणार नाही.

अजून एक, काही जण सीनच्या यादीलाही वनलाइन म्हणतात, तेव्हा कोणी मागितली तर नक्की काय हवंय ते आधी विचारून घे.

रविवारपर्यंत चार-पाच वेगवेगळ्या ओळी पाठव, एकच घासत बसू नकोस. आणि त्याआधी मावशीला फोन करून विचार, त्यांची टोळी साधारण कधी परत यायची, पेपरच्या आधी की नंतर, आणि मधेच कोणी निघून गेलं तर मुकादम काय करायचा. तुझा अख्खा सेकंड हाफ त्या उत्तरावर उभा आहे.

तुझा,
दादा