वकील, लष्करी अधिकारी आणि जुन्या कागदपत्रांचा संग्राहक असे तिन्ही असलेले अमेरिकन गृहस्थ कोण?

चार्ल्स कोलकॉक जोन्स (धाकटे). जन्म १८३१, सव्हाना, जॉर्जिया. हार्वर्डमधून कायद्याची पदवी, १८६० मध्ये सव्हानाचे महापौर, अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या (संघराज्यातून फुटलेल्या राज्यांच्या) तोफखान्यात लेफ्टनंट कर्नल. युद्धानंतर काही वर्षं न्यूयॉर्कमध्ये वकिली केली, मग जॉर्जियात परतून ऑगस्टाला स्थायिक झाले.

माझ्या मते त्यांचं खरं काम संग्रहाचं. दक्षिणेच्या राज्यघटनेवर सह्या करणाऱ्यांची हस्तलिखित पत्रं मिळवायची, सोबत त्या-त्या माणसाचं चित्र जोडायचं आणि सगळं एकत्र ठेवायचं, ही त्यांची पद्धत. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आदिवासींच्या पुरावशेषांवर त्यांनी १८७३ मध्ये ग्रंथही लिहिला. मात्र ते गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले आणि त्या प्रथेचे समर्थक होते. त्यांचं लिखाण वाचताना हे विसरून चालणार नाही. निधन १८९३.