अँगल कॉक, युनियन, गीझर आणि बंब

प्रश्न असा आलाय की प्लंबरने यादीत 'पाऊण इंची एल्बो, एमटीए, युनियन, बिब कॉक १, अँगल कॉक २' लिहून दिलंय, म्हणजे नक्की काय आणायचं, आणि बंब नि गीझर एकच का.

कॉक म्हणजे आपली तोटी. भिंतीतून आडवा येतो, ज्याखाली आपण बादली लावतो तो बिब कॉक, बेसिनवर उभा असतो तो पिलर कॉक. अँगल कॉकखाली मात्र बादली लावायची नसते, तो पाणी काटकोनात वळवून गीझरच्या किंवा फ्लशच्या नळीला देतो आणि दुरुस्ती निघाली की तेवढीच लाइन बंद करता येते. दोन लिहिलेत ते बहुतेक गीझरच्या गार आणि गरम बाजूंना. (दोन्ही बंद ठेवून गीझर लावू नका बरं का.)

एल्बो म्हणजे कोपरा वळवायचा तुकडा, पाऊण इंची म्हणजे दुकानात २० एमएम. एमटीए म्हणजे मेल थ्रेडेड अडॅप्टर, त्याला एका बाजूला बाहेरून आटे असतात, दुसऱ्या बाजूला सोल्युशन लावून पाइप चिकटवतात, आटे आतून असले की तो एफटीए, म्हणजे फीमेल.

युनियनची गंमत वेगळीय. आट्यांच्या लोखंडी लाइनमधला एखादा पाइप काढायचा तर तो फिरवावा लागतो, पण एका टोकाला सैल करायला जावं तर दुसऱ्या टोकाला तो आणखी आवळतो, म्हणजे शेवटी सगळी लाइन टोकापासून उकलत यावं लागतं किंवा मध्येच करवत लावावी लागते. युनियन हा दोन पाइप जोडणारा तीन भागांचा तुकडा असतो, मधलं नट सोडलं की पाइप न फिरवता दोन्ही बाजू सुट्या. म्हणून पंपाजवळ तो लागतोच, थोडे पैसे वाचवायला गाळू नका.

बंब आणि गीझर एक नाहीत. बंब तांब्याचा, मधल्या नळीत चिपाडं-कोळसा पेटवायचा आणि भोवतीचं पाणी तापायचं. हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला असं मानतात, त्याचा अर्थ मुळात पंप, म्हणून आगीचा बंबही त्याच घरातला. पिंप आणि चावीही पोर्तुगीजच. गीझर आला आइसलंडच्या 'गेसिर' नावाच्या उकळत्या फवाऱ्यावरून, १८६८ मध्ये लंडनला गॅसवर पाणी तापवायचं यंत्र निघालं त्याला हे नाव दिलं, पुढे विजेच्या टाकीलाही तेच चिकटलं. त्यावरचं निळं कडं गार पाणी आत जायला, लाल कडं गरम बाहेर यायला.

यादीत पाइप कुठला ते मात्र लिहिलेलं नाही, ते आधी विचारून घ्या. गरम लाइनला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप लागतो, साधा पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडून वाकतो.