धरण भरले की जलाशय भरला?

चौथीच्या वर्गाला धरण समजावून सांगणाऱ्या मुंबईतील एका शिक्षिकेने विचारले आहे, की ‘भातसा धरण भरले’ आणि ‘भातसा तलाव भरला’ अशा दोन्ही तऱ्हेच्या बातम्या पावसाळ्यात वाचायला मिळतात, तर त्यांतील शुद्ध प्रयोग कोणता आणि मुलांना कोणता शिकवावा.

‘धरण’ हा शब्द ‘धरणे’ या क्रियापदाच्या कुळातला आहे. नदीचे पाणी धरून ठेवणारी आडवी भिंत, मग ती मातीची असो, दगडी असो वा काँक्रीटची, म्हणजे धरण. तिच्यामागे साठलेले पाणी आणि त्या पाण्याखालची जागा म्हणजे जलाशय. यातला ‘आशय’ गर्भाशयातलाच, म्हणजे साठवणीची जागा दाखवणारा आहे. दोहोंना पुष्कळदा स्वतंत्र नावेही असतात: कोयना हे धरण आणि शिवसागर हा त्याचा जलाशय, पैठणचे जायकवाडी धरण आणि त्याचा नाथसागर.

काटेकोरपणे पाहिले तर भिंत भरत नाही, पण म्हणून ‘धरण भरले’ हा प्रयोग अशुद्ध ठरत नाही. ‘गंगेत गवळीवाडा’ असे म्हटल्यावर ऐकणारा गंगेचा काठ समजतो, तशीच ही लक्षणा, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाऐवजी त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणे, आहे. उलट दिशेने मात्र ही मोकळीक नाही. ‘धरण फुटले’ असे आपण म्हणतो, ‘जलाशय फुटला’ असे कोणी म्हणत नाही. मुलांना हा फरक क्रियापदांवरूनच दाखवावा, असे मला वाटते: बांधतात आणि फुटते ते धरण, भरतो आणि आटतो तो जलाशय.

‘तलाव’ या शब्दाने मुंबईकर मुलांचा अधिक गोंधळ होतो, कारण तो निसर्गतः तयार झालेला असावा असे वाटते. मुंबईला पाणी पुरवणारे सातही तलाव, अगदी 1860 मधला विहारसुद्धा, धरण बांधूनच झालेले आहेत. त्यांतील सर्वांत मोठा भातसा. सातांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या त्याचा. त्यामुळे ‘भातसा तलाव’ हाही प्रयोग चालेल, फक्त तो तलाव माणसाने केलेला आहे हे सांगायला विसरू नये.

याच बातम्यांतला ‘सांडवा’ हा शब्दही मुलांना जरूर द्यावा. जादा पाणी जिथून सांडू द्यायचे ती वाट म्हणजे सांडवा, इतका तो बोलका आहे. सांडव्यावरून सुटणारा विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, अर्थात न्हाणीघरातल्या दोन बादल्या. टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, हे मात्र साठ्याचे माप आहे, वेगाचे नव्हे, आणि बातमीदारही येथे चुकतात. सुमारे 11,574 क्युसेकचा विसर्ग अखंड चोवीस तास चालू ठेवला, तर जलाशयातून एक टीएमसी पाणी बाहेर पडते.