पोलंडचा वोविन प्रांत आज नकाशावर का सापडत नाही?

कारण तो मुलूख आज युक्रेनमध्ये आहे. तुमचा प्रश्न असा की दोन महायुद्धांच्या मधल्या पोलंडच्या यादीत वोविन एवढा मोठा दिसतो, मग आताच्या १६ प्रांतांत तो गेला कुठं. एका ओळीत उत्तर हे झालं. पण मी वळिवड्याच्या शेजारच्या गावचा आहे, एका ओळीवर माझं भागत नाही.

१९४३ ते ४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता. पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त. आमची आजी तिथं भाजी विकायला जायची. पुढं कॅम्प उठला, ती जागा फाळणीत आलेल्या सिंधी लोकांना मिळाली आणि तिचं गांधीनगर झालं. आजी त्या बायकांची आठवण काढायला लागली की मामा हटकून म्हणायचे, "लढाई संपली तरी आपल्या मुलखाला परत गेल्या न्हाईत. इंग्लंडला गेल्या, ऑस्ट्रेलियाला गेल्या. सुखाला चटावलेली माणसं." आजी गप्प बसायची. मला ते वाक्य लहानपणापासून टोचत आलंय.

मी बारावीत असताना इंग्लंडहून एक म्हाताऱ्या बाई लेकीला घेऊन कॅम्पाची जागा बघायला आल्या. इंग्रजी येणारा म्हणून मला त्यांच्याबरोबर पाठवलं. कापडाच्या दुकानांमधून हिंडताना त्या पावलं मोजत होत्या, आपली बराक कुठं होती ते शोधत. नंतर आमच्या सोप्यावर चहाला बसल्या. मी शाळेचा नकाशासंग्रह काढला आणि विचारलं, पोलंडमध्ये तुमचं गाव कुठं? त्यांनी वॉर्सावर बोट ठेवलं, ते उजवीकडं सरकवत नेलं, बुग नदी ओलांडली, पोलंडचा गुलाबी रंग संपला, युक्रेनचा पिवळा लागला, आणि तिथं बोट टेकवून म्हणाल्या, "कोस्तोपोल. वोविन." मामा शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत.

आता त्या बोटाखालचा इतिहास. वोविन हे नाव जुनं आहे. १५६९ च्या लुब्लिन करारानं तो मुलूख लिथुआनियाकडून पोलंडच्या राजाकडं आला आणि १७९५ मध्ये शेजारच्या राज्यांनी पोलंडचीच तिसरी वाटणी करेपर्यंत तिथं या नावाचा प्रांत होता. मग सव्वाशे वर्षं रशियाच्या झारचं राज्य. तुम्ही यादीत पाहिलेला प्रांत १९२१ चा. राजधानी वुत्स्क (आजचं लुत्स्क), सगळ्यात मोठं शहर रुव्ने (आजचं रिव्ने). ३५ हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र, १९३१ च्या जनगणनेत २० लाखांवर वस्ती. त्यात युक्रेनियन जवळपास ६८ टक्के, पोलिश १७ टक्क्यांच्या आत-बाहेर, ज्यू १० टक्के. सगळं दुखणं या आकड्यांत आहे. राज्य पोलंडचं आणि रान कसणारे बहुतेक युक्रेनियन. तरी डिसेंबर १९२० च्या कायद्यानं लढाईतून परतलेल्या पोलिश सैनिकांना तिथं जमिनी वाटल्या. स्थानिक शेतकरी बिघाभर जमिनीला महाग असताना बाहेरचा शिपाई आणून बसवणं ही चूकच होती, हे मी त्या बाईंना मान देऊनही म्हणेन. त्यांचे वडील असेच वसवलेले सैनिक होते.

हेन्रिक युझेफस्की नावाचा वोयेवोदा, म्हणजे प्रांताचा कारभारी, १९२८ पासून जवळजवळ दहा वर्षं तिथं होता. कीव्हमध्ये जन्मलेला, चित्रकार माणूस. युक्रेनियन भाषेला आणि लोकांना जागा द्यावी, दोघांनी एकत्र नांदावं, अशी त्याची धडपड होती. १९३८ मध्ये त्याला वूज प्रांतात हलवलं आणि तो रस्ताच बंद केला.

१७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौज आत आली. १० फेब्रुवारी १९४० च्या थंडीत या जमिनी देऊन वसवलेल्या पोलिश सैनिकांची आणि जंगलखात्यातल्या लोकांची कुटुंबं मालगाड्यांत कोंबून उत्तरेला आणि सायबेरियात नेली. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. पुढं अर्खांगेल्स्क, उझबेकिस्तान, इराण, कराची आणि मग वळिवडं. मागं राहिलेल्यांचं नशीब त्याहून वाईट. जर्मनांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये रुव्नेजवळच्या सोसेन्कीच्या रानात १७ हजारांवर ज्यू मारले. १९४३ मध्ये युक्रेनियन बंडखोर सेनेनं पोलिश वस्त्या जाळायला घेतल्या, ११ जुलैला एका दिवसात शंभराच्या आसपास ठिकाणी हल्ले झाले. वोविनमध्ये मेलेले पोलिश ५० ते ६० हजार असावेत असा इतिहासकारांचा अंदाज. १९४५ ला सरहद्द बुग नदीवर आली, वोविन सोव्हिएत राज्यातल्या युक्रेनमध्ये गेलं आणि उरलेल्या पोलिश लोकांना नदीपलीकडं हलवलं.

आता सांगा, परत जायचं म्हणजे कुठं? निपाणी-बेळगावकडं आमच्या सोयरिकी आहेत, सरहद्द कशी डोक्यावरून जाते ते आम्हाला कळतं. पण तिथं घर तरी जागेवर राहिलं. या बायकांचं घर त्यांना हाकलणाऱ्यांच्याच राज्यात गेलं होतं. त्यांना चटावलेल्या म्हणणं हा अन्याय होता आणि तो आमच्या घरात वर्षानुवर्षं झाला.

एवढं लिहिल्यावर सांगायला हवं की वळिवड्यातले सगळे वोविनचे नव्हते. तार्नोपोल, ल्वुव, पोलेसिए, विल्नो इकडचेही पुष्कळ होते, आणि काही जण पुढं पोलंडला परत गेलेही. आणि मेलेल्यांत युक्रेनियनही आहेत, पोलिश टोळ्यांनी उट्टं काढलं त्यात गेलेले.

तुम्ही कुणाचं मूळ गाव शोधत असाल तर आधी तालुका धरा. प्रांतात ११ तालुके होते. कोवेल, लुबोम्ल, वुत्स्क ही गावं आजच्या युक्रेनच्या वोलिन प्रांतात (वोविनचंच युक्रेनियन नाव), कोस्तोपोल, दुब्नो, सार्नी रिव्ने प्रांतात, आणि क्रेमेनेत्स तेर्नोपिलमध्ये गेलंय. खेड्याचं नाव नुसतं नकाशावर शोधू नका. जाळलेल्या वस्त्यांपैकी कित्येक पुन्हा उठल्याच नाहीत. बाईंनी दाखवलेलं कोस्तोपोल हे तालुक्याचं गाव होतं. त्यांच्या स्वतःच्या वस्तीचं नाव त्यांनी मला कागदावर लिहून दिलं होतं. आजच्या नकाशावर तिथं जंगल आहे.