‘काही झालं तर?’ याच्या पुढचं वाक्य

दिवाळी सरली की साताऱ्यात शाळांच्या आणि युवक मंडळांच्या मोहिमा सुरू होतात, आणि समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच वाक्य फिरून फिरून येतं : "मुलांना न्यायचंय, पण काही झालं तर?" पालकांची काळजीही तीच, ते फक्त "पाठवू का नको?" असं विचारतात. ओळख बदलून एका क्रीडाशिक्षकांचं सांगते. बऱ्याच भेटींतलं थोडकं.

नववीची ३२ मुलं कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर न्यायची होती. तारीख जवळ आली तशी सरांची झोप उडाली. डोळे मिटले की बाबूकड्यावरून कुणीतरी घसरतंय.

"मॅडम, एकालाही खरचटलं तरी मी संपलो."

"खरचटणारच की सर. ३२ मुलं आणि दगडधोंड्यांची वाट. खरचटलं, मग?"

"मग... पट्टी लावू."

"कोण लावणार? प्रथमोपचाराची पेटी कुणाच्या पाठीवर?"

सर गप्प. मी भीतीला धीर देत बसत नाही, तिच्याकडून पुढचं वाक्य वदवून घेते. ‘काहीच होता कामा नये’ हा हट्ट कुणालाच पुरा करता येत नाही, म्हणून तो रात्रभर छळतो. ‘हे झालं तर मी हे करीन’ एका कागदावर मावतं. सरांनी कागद भरायला घेतला. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोट, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि त्याचे पट्टे बांधलेत हे मोठ्यांनी ओढून बघायचं. वनखात्याची परवानगी. आठ-आठांचे चार गट, प्रत्येक गटामागे दोन मोठी माणसं. मोजणी डोकी बघून नाही, मुलांनी आपापला नंबर पुकारून : बोटीत चढताना, उतरताना, पायथ्याच्या मारुतीपाशी, माथ्यावर. शिवसागराच्या पलीकडे फोन लागेल असं धरून चालायचं नाही, म्हणून कुणाला केव्हा कळवायचं ते आधीच ठरवून मागे राहणाऱ्या माणसाकडे लिहून द्यायचं. परत फिरायची वेळ घड्याळावर : साडेबारा वाजले की माथा दहा मिनिटांवर असला तरी खाली.

कागद भरला, झोप मात्र अर्धवटच आली. म्हणून मी विचारलं, "मागे अजिंक्यताऱ्यावर नेलं होतंत, तेव्हा किती जणांनी ‘थांबूया’ म्हटलं?"

"कुणीच नाही. सगळे तयारीचे होते."

"एकाचंही पोट दुखलं नाही?"

बराच वेळ ते टेबलावरच्या कागदाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "एकाला उलटी झाली होती. घरी गेल्यावर त्याच्या आईनं सांगितलं."

"तुम्हाला का नाही सांगितलं?"

"निघताना मीच म्हटलं होतं, रडूबाई पोरं मला चालणार नाहीत."

इथे गाठ सुटली. सरांना कड्याची भीती होती, पण धोका त्या न सांगितलेल्या उलटीत होता. डोंगरात मोठी घटना सहसा लहान गोष्ट लपवण्यातून घडते : पाणी संपलेलं, बूट चावलेला, चक्कर आलेली, पण मित्र हसतील म्हणून मूल ओढत राहतं आणि उतारावर पाय लटपटतो. पंधराव्या वर्षी पडण्यापेक्षा हसं होण्याची भीती मोठी असते. दोर, काठ्या विकत मिळतात. ‘मला जमत नाही’ म्हणायची मुभा मात्र पुढाऱ्यालाच द्यावी लागते, आणि तीही आधी स्वतः वापरून. हे सरांच्याच तोंडून आलं याचं मला आजही समाधान आहे.

मग कागदात भर पडली. दर थांब्यावर प्रत्येकाने एक ते पाच बोटं दाखवायची, पाच म्हणजे ताजातवाना. सर आधी दाखवणार, आणि खरी. कुणाची दोन दिसली की सगळेच थांबणार, कारण विचारायचं नाही. सगळ्यांत हळू चालणारं मूल वाटाड्याच्या लगेच मागे, चाल त्याची. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी. अर्ध्या वाटेवर एक बाटली रिकामी दिसलीच पाहिजे. एरवी बडबडणारा गप्प झाला, अडखळू लागला, तर सावलीत बसवून घोट घोट ओआरएस. दम्याचा पंप मुलाच्याच खिशात, सरांच्या सॅकमध्ये नाही. अत्तर, बॉडी स्प्रे, धूर बंद : आग्या मोहोळ उठलं तर हात न झटकता, तोंड झाकून, कड्यापासून लांब पळायचं. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही; अंगठी-कडं काढून, तो अवयव न हलवता, मुलाला न चालवता बोटीपर्यंत उचलून आणायचं, आणि रेंज मिळताच १०८.

पालकांनीही संमतिपत्रावर नुसती सही करू नये. शाळेने बाहेरची संस्था ठरवली असेल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तिची नोंदणी आहे का ते विचारावं. आणि मुलाची फेफरं, दमा, अंथरूण ओलं करणं लाजून लपवू नये. घरातच लपवायला शिकलेलं मूल डोंगरात कुठून सांगणार?

शेवटच्या भेटीत सरांनी विचारलं, "आणि एखादा मध्येच बसला, वर येतच नाही म्हणाला तर?"

"गटाला दोन मोठी माणसं कशासाठी दिलीत?"

"एक त्याच्याबरोबर खाली मारुतीपाशी."

"आणि एकटं मूल, एकटा मोठा असं नको. सोबत अजून एक मूल."

सरांनी ते लिहून घेतलं आणि त्याखाली आपणहून एक ओळ घातली : त्याचा डबा त्याच्याजवळच ठेवायचा.