अ‍ॅडज्युडिकेटरने आपल्या बाजूने निर्णय दिला पण समोरचा पैसे देत नाही, कोर्टातून वसूल करता येतात का?

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅडज्युडिकेटरने (कामाच्या वादावर झटपट निर्णय द्यायला कॉन्ट्रॅक्टनुसार नेमलेला तिऱ्हाईत) 18 लाख द्या म्हणून निर्णय दिला, समोरचा पैसेही देत नाही आणि आर्बिट्रेशनलाही (लवादाकडेही) गेला नाही, तर आता तो कागद घेऊन थेट कोर्टात दरखास्त (वसुलीचा अर्ज) लावता येईल का. नाही लावता येत. मी वकील नाही, नाशकात ड्रेनेज-प्लंबिंगची कामं घेतो, पण याच गैरसमजात माझं दीड वर्ष गेलं म्हणून सविस्तर लिहितोय.

तुम्ही नेटवर जे वाचलं ते इंग्लंडचं. तिथे 1996 च्या कायद्यानेच बांधकामातल्या पार्टीला अ‍ॅडज्युडिकेशनचा हक्क दिलाय, 28 दिवसांत निर्णय, आणि 1999 च्या मॅकॉब विरुद्ध मॉरिसन केसपासून कोर्टाचं धोरण एकच, आधी पैसे द्या मग भांडत बसा. एका केसमध्ये तर अ‍ॅडज्युडिकेटरने रिटेन्शनची (बिलातून राखून ठेवलेली) रक्कम चुकून हिशोबात धरली होती तरी कोर्टाने निर्णय वैधच धरला. त्याला अधिकारच नव्हता किंवा एका बाजूचं ऐकूनच घेतलं नाही, असं काही असेल तरच तिथे अडतं.

आपल्याकडे असा कायदाच नाही. आपला निर्णय उभा असतो तो फक्त कॉन्ट्रॅक्टच्या जोरावर. वर्ल्ड बँकेच्या छोट्या कामांच्या फॉर्ममध्ये असतं तसं कलम असेल तर 28 दिवसांत कोणी आर्बिट्रेशनला गेलं नाही की निर्णय बंधनकारक होतो, पण बंधनकारक झाला म्हणजे डिक्री (कोर्टाचा वसूल करता येणारा हुकूम) झाली असं नाही, आणि मी नेमका इथेच फसलो.

माझं काम पाथर्डी फाट्याकडच्या एका स्कीमचं होतं. अ‍ॅडज्युडिकेटर पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले इंजिनिअर, त्यांनी साईटवर येऊन चेंबरची झाकणं उघडायला लावली, स्वतः टेप सोडला आणि एमबीत (मापांच्या नोंदवहीत) जिथे 1.20 लिहिलं होतं तिथे 1.45 मीटर नोंदवलं. निर्णय माझ्या बाजूने आला, बिल्डर म्हणाला पुढच्या स्लॅबचे पैसे आले की देतो, मी थांबलो, मग थांबतच राहिलो. शेवटी सीबीएसजवळ कोर्टात वकिलांकडे गेलो तर त्यांनी कागद वाचून पहिलाच प्रश्न विचारला, "यात अवॉर्ड कुठाय?" अवॉर्ड म्हणजे आर्बिट्रेटरचा निवाडा, डिक्रीसारखा वसूल होतो तो तोच.

म्हणून आता आपल्या आर्बिट्रेशन कायद्याच्या (पुढची कलमंही त्याचीच) कलम 21 ची आर्बिट्रेशनची नोटीस पाठवा. जुनी बिलं पुन्हा उकरू नका, मागणी एवढीच ठेवा की निर्णय बंधनकारक झालाय आणि त्याने पाळला नाही, आणि कलम 31(6) खाली त्या रकमेचा अंतरिम अवॉर्ड मागा, ही गोष्ट बरेच जण विसरतात. आर्बिट्रेटरच्या नावावर तो अडून बसला तर कलम 11 खाली हायकोर्ट. अवॉर्ड आल्यावर त्याला आव्हान द्यायला 3 महिने, वर फार तर 30 दिवस. 2015 च्या दुरुस्तीनंतर नुसता अर्ज टाकून वसुली थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो आणि कोर्ट बहुतेक वेळा रक्कम भरायला लावतं.

मग कलम 36 खाली दरखास्त. 2018 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टात थेट लावता येते, म्हणून आत्तापासूनच त्याची बँक खाती, न विकलेले फ्लॅट शोधून ठेवा, महारेराच्या साईटवर प्रोजेक्टची बुकिंग दिसते. तो फ्लॅट भराभर काढतोय असं वाटलं तर कलम 9 खाली मनाई मागा, त्यासाठी अवॉर्डची वाट बघायची गरज नाही.

एमएसएमई कौन्सिलचं (छोट्या उद्योगांची थकलेली बिलं वसूल करून देणारी सरकारी यंत्रणा) कोणीतरी सुचवेलच, पण वर्क्स कॉन्ट्रॅक्टच्या (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाच्या) बाबतीत मुंबई हायकोर्टाचे निकाल आपल्या विरोधात गेलेत, नुसता माल किंवा नुसती सेवा पुरवली असेल तरच तिकडे बघा.

निर्णयाची तारीख आणि कॉन्ट्रॅक्टमधलं वादाचं कलम, नावं खोडून, इथे टाका. 28 दिवस नक्की कुठून मोजायचे ते त्या कलमात असतं.