अडतीस कोटींचा एकुलता एक आकडा

प्रश्न : माझं निपाणीत भांड्यांचं दुकान आहे. भाच्यानं उधारीच्या वहीत ३८१६५४७२९ हा आकडा लिहिला आणि म्हणाला, "मामा, असा दुसरा नाही." १ ते ९ अंक एकेकदाच. डावीकडून पहिल्या दोन अंकांना २ ने भाग जातो, पहिल्या तिनांना ३ ने, असं थेट नऊपर्यंत. कॅल्क्युलेटरवर बघितलं, खरं आहे. पण दुसरा नाहीच, हे कशावरून? आणि हा कापरेकरांचा आकडा का?

उत्तर : कापरेकरांचा नव्हे. कापरेकर म्हणजे देवळालीचे गणिती शाळामास्तर, त्यांच्या नावाचा आकडा तो ६१७४.

नऊ अंकांच्या मांडण्या होतात ३,६२,८८०. सगळ्या तपासायच्या तर दुकानाला कुलूप लावावं लागेल! मी हे खानापूरहून बेळगावला येताना पॅसेंजरमध्ये, शेंगांच्या पुडीच्या कागदावर केलं.

शून्य नाही, म्हणून पाचवा अंक ५ च. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा समांची, बाकी विषमांच्या. चारच्या कसोटीला शेवटचे दोन अंक बघतात. तिसरा विषम आहे, म्हणून चौथा २ किंवा ६ च. आठच्या कसोटीला तीन अंक लागतात, आणि इथे मी फसले. तीन-तीन अंक भागत बसले, तोवर देसूर मागे पडलं. चाळीस वर्षं गणित शिकवून हे! अहो, सहावा अंक सम, आणि २०० ला ८ ने भाग जातोच. मग शेवटचे दोनच बघायचे. म्हणजे आठवाही २ किंवा ६. दुसऱ्या-सहाव्या जागेला उरले ४ आणि ८.

आता तीनची कसोटी. पहिल्या तिघांची बेरीज ३ च्या पटीत, पहिल्या सहांचीही, म्हणून चौथ्या-पाचव्या-सहाव्याचीही. तिथे २५८ किंवा ६५४ एवढंच बसतं. २५८ धरून पुढे गेलं तर दोन आकडे उरतात, १४७२५८९६३ आणि ७४१२५८९६३. ६५४ धरून आठ. साडेतीन लाखांतून दहा!

राहिला सात. त्याला पाठ करून ठेवावी अशी सोपी कसोटी नाही, सरळ भागाकार करायचा. समोरच्या बाकावरचे आजोबा मघापासून कागदाकडे बघत होते. पाच आकडे त्यांनी घेतले, पाच मी. ते "एळु, हदिनाल्कु, इप्पत्तोंदु" पुटपुटत, मी "सात, चौदा, एकवीस". माझे पाचही बाद. ९८७६५४३ वर माझी फार आशा होती, पण बाकी ५ उरली. आजोबांचेही चार गेले. मग ३८१६५४७ ला बरोबर ५४५२२१ आले, तसे ते मराठीत म्हणाले, "ह्याला गेला की हो बाई!"

नऊची काळजी नाही, १ ते ९ ची बेरीज ४५. आता शेवटी एक शून्य जोडा आणि १० ने भागायला भाच्याला सांगा.